धूसर चेहऱ्यांचा इतिहास

एड्सचा भारतातला इतिहास लिहिणाऱ्याला कागदपत्रांची वाण नाही. रुग्णालयांच्या नोंदी आहेत, न्यायालयांचे निवाडे आहेत, १९९२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचे अहवाल आहेत. पण या रोगाच्या छायेत जगलेली माणसे दिसत कशी होती, बोलत कशी होती, हसत होती की नाही, हे जाणून घ्यायचे तर चित्रफितींकडे वळावे लागते. तिथे पहिली अडचण येते ती ही, की चेहरेच सापडत नाहीत. सुरुवातीच्या काळातल्या प्रचारपटांत भीती भरपूर होती, माणूस मात्र नव्हता. माणूस दाखवलाच तर पाठमोरा किंवा अंधारात बसवलेला असे, नाहीतर त्याचा चेहरा यंत्राने धूसर केलेला असे. त्याच्या वतीने बोलणारा आवाज दुसऱ्याच कुणाचा.

या धूसरपणाच्या मागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत्या. एक म्हणजे रुग्णाला खरोखरच हवे असलेले संरक्षण. दुसरी म्हणजे समाजाला नको असलेले दर्शन. गेल्या साडेतीन दशकांत महाराष्ट्रात आणि गोव्यात काही थोड्या लोकांनी, बहुतेक वेळा पदरमोड करून, जे लहान चित्रपट आणि माहितीपट केले, त्यांचे मोल या दोन गोष्टी वेगळ्या करण्यात आहे. चेहरा झाकायचा की दाखवायचा, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हा त्यांचा खरा विषय होता. एड्स, लिंगभाव आणि लैंगिकता यांवरच्या स्वतंत्र चित्रपटांची ही कहाणी म्हणूनच केवळ चित्रपटांची नाही, कायद्याचीही आहे.

आधीचे दोन धागे

लैंगिक आरोग्यावर उघडपणे बोलण्याची परंपरा मराठीला नवी नाही. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. संततिनियमनाबरोबरच गुप्तरोगांबद्दलही ते शास्त्रीय भाषेत लिहीत. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, ही गोष्ट आता पुष्कळांना ठाऊक आहे. कर्व्यांचा मुद्दा साधा होता. रोगाबद्दल बोलायला लाज वाटणाऱ्या समाजात रोग वाढतो. अमोल पालेकरांनी कर्व्यांच्या जीवनावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट केला तो २००१ साली, म्हणजे हाच मुद्दा एड्सच्या निमित्ताने पुन्हा ऐरणीवर आला होता तेव्हा.

दुसरा धागा कॅमेऱ्याचा आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार महानगरांतील श्रीमंती आणि दैन्य शेजारी शेजारी ठेवणारा एक छोटा माहितीपट केला होता. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे बोली भाषेत सेन्सॉरने, ती कापायला सांगितली. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. या माहितीपटापुरते सरकारने पुढे नमते घेतले, पण १९७० च्या निकालात न्यायालयाने प्रदर्शनापूर्वी चित्रपट तपासण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. छापील शब्दापेक्षा हलते चित्र मनावर अधिक प्रभाव पाडते, असे त्याचे एक कारण होते. त्यामुळे पुस्तकाला प्रकाशनापूर्वी परवानगी लागत नाही, चित्रपटाला लागते. ज्या वस्तीची दृश्ये त्या वादाच्या मुळाशी होती, तीच वस्ती पंधरा-सोळा वर्षांनी एड्सच्या चर्चेत सर्वांत पुढे ओढली गेली.

गोवा, १९८९

भारतात एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा नोंदला गेला तो १९८६ मध्ये मद्रासला. ते काम करणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्याच सुमारास गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एक दुरुस्ती झाली. तिच्या आधारे बाधित व्यक्तीला सक्तीने वेगळे ठेवता येऊ लागले.

फेब्रुवारी १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याचा गुन्हा काय? तो नियमित रक्तदान करीत असे, आणि त्याच्या रक्ताच्या तपासणीत विषाणू आढळला होता. वापरात नसलेल्या एका जुन्या क्षयरुग्णालयात त्याला पहाऱ्यात ठेवण्यात आले. असे चौसष्ट दिवस गेले. त्याची आई लूसी डिसोझा न्यायालयात गेली. वकील होते आनंद ग्रोव्हर. डॉमिनिक घरी परतला, पण मुंबई उच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला नाही. समाजाच्या हितासाठी व्यक्तीचे स्वातंत्र्य आवळता येते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. हा निवाडा १९९० च्या संग्रहात छापलेला आहे आणि आजही वाचण्यासारखा आहे, कारण भीती कायद्याची भाषा कशी बोलते ते त्यात दिसते.

डॉमिनिकने मात्र तोंड लपवले नाही. स्वतःच्या नावाने, उघडपणे तो बोलत राहिला. मित्रमंडळींच्या, विशेषतः नाट्यकर्मी इझाबेल द सांता रिटा वास यांच्या साहाय्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी राहिली, आणि १९९२ च्या मे महिन्यात त्याचा मृत्यू झाला.

या हकिकतीवर चित्रपट यायला तेरा वर्षे लागली. ओनीर यांचा ‘माय ब्रदर निखिल’ २००५ मध्ये आला. नायक जलतरणपटू आहे, समलिंगी आहे, आणि त्याला डांबून ठेवले जाते. मोठ्या निर्मात्यांनी पैसा न लावलेला हा चित्रपट दिग्दर्शक आणि नायकाचे काम करणारे संजय सुरी यांनी जमवाजमव करून उभा केला. बहीण, आई-वडील आणि जोडीदार कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात, अशी त्याची बांधणी आहे. म्हणजे काल्पनिक चित्रपटाने माहितीपटाचे रूप घेतले. गंमत अशी, की त्याच्या आरंभी हे सारे काल्पनिक असल्याचे निवेदनही आहे. जो माणूस आयुष्यभर स्वतःच्या नावाने बोलला, त्याच्या कहाणीला पडद्यावर येताना दुसरे नाव घ्यावे लागले.

याच्या नेमके उलटे उदाहरणही न्यायालयातच घडले होते. १९९७ मध्ये एका रोजंदारी कामगाराला एचआयव्हीच्या कारणावरून काम नाकारण्यात आले. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला तेव्हा त्याला नाव न सांगता दाद मागण्याची मुभा मिळाली. निवाड्यात तो फक्त ‘एमएक्स’ आहे. न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. केवळ संसर्ग आहे म्हणून काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाची रोजीरोटी हिरावता येत नाही, हे तत्त्व रुजले. डॉमिनिक नावानिशी लढला, एमएक्स नावाशिवाय. दोघांनीही तो निर्णय स्वतः घेतला होता.

अभ्यासिकेतून कॅमेऱ्याकडे

सुमित्रा भावे यांनी चित्रपटाचे शिक्षण घेतले नव्हते. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत. वस्तीतल्या दलित बायकांच्या आत्मप्रतिमेचा अभ्यास करताना, ज्यांच्याबद्दल लिहिले त्यांना हे लेखन वाचताच येणार नाही, ही अडचण त्यांना टोचू लागली. त्यातून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला. पुढे सुनील सुकथनकर यांच्यासोबत त्यांनी जे काम केले, त्यात १९९५ च्या ‘दोघी’मध्ये घरासाठी मुंबईला पाठवलेली आणि देहविक्रयात ढकलली गेलेली थोरली बहीण आहे. तिच्या पैशावर जगणारे घर तिला परत मात्र घेऊ इच्छित नाही. १९९७ च्या ‘जिंदगी जिंदाबाद’चा विषय थेट एड्स हाच होता.

या दोघांच्या चित्रपटांत आजार हा संकट म्हणून येतो, शिक्षा म्हणून येत नाही. हा फरक साधा वाटतो, पण त्या काळच्या प्रचारसाहित्यात तो नव्हता. तिथे बाहेरख्याली पुरुष मरतो, त्याची साध्वी पत्नी रडते, आणि खाली घोषवाक्य येते. अशा कथेत वेश्येला बोलायला जागाच नसते, समलिंगी पुरुषाला तर असायलाही जागा नसते.

पालेकरांचा १९९६ चा ‘दायरा’ याच वेळचा. बाईचा वेश करून नाचणारा पुरुष आणि अत्याचारानंतर पुरुषी वेश घेणारी तरुणी यांची ही प्रवासकथा. निर्मल पांडे यांना त्यातल्या कामासाठी फ्रान्समधल्या महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला! आपल्या प्रेक्षकांपर्यंत चित्रगृहांतून हा चित्रपट फारसा पोचला नाही. २००६ मध्ये पालेकरांनी ‘थांग’ मराठीत केला. नवऱ्याचे पुरुषावर प्रेम आहे हे कळलेल्या पत्नीची ती कथा आहे. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आणली होती. मराठी रंगभूमीने जे तेव्हा पाहिले, त्याच्या आसपास यायला मराठी पडद्याला पंचवीस वर्षे लागली.

बारा मिनिटांची फिल्म आणि तिची धास्ती

१९९० मध्ये अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले आणि १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ ही संस्था उभी राहिली. समलिंगी पुरुषांमध्ये आरोग्याचे काम करायचे तर आधी ते आहेत हे मान्य करावे लागणार होते, आणि भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ त्यांना गुन्हेगार ठरवत होते. कंडोम वाटणारा कार्यकर्ता गुन्ह्याला मदत करतो, असा अर्थ पोलीस काढू शकत होते. एड्सविरोधी काम आणि लैंगिक हक्कांचे काम एकमेकांत गुंतले ते या पेचातून.

१९९६ मध्ये रियाद वाडिया यांनी जंगू सेठना यांच्यासह ‘बॉमगे’ केली. रियाद हे वाडिया मूव्हिटोनच्या जे. बी. एच. वाडियांचे नातू. ज्या कंपनीने ‘हंटरवाली’ नाडियाला पडद्यावर आणले, तिच्या वारशातला हा मुलगा. नाडियावरचा माहितीपट त्यांनी १९९३ मध्ये केलाच होता. ‘बॉमगे’ ही अवघी बारा-एक मिनिटांची. पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या आर. राज राव यांच्या इंग्रजी कवितांवर बेतलेली. ती प्रमाणपत्रासाठी पाठवलीच नाही. पाठवली असती तर मिळाले नसते, आणि वर कलम ३७७ चे भय. खाजगी खेळांतून आणि परदेशी महोत्सवांतून ती दाखवली गेली. त्याच वर्षी रियाद यांनी ‘अ मर्मेड कॉल्ड ऐडा’ हा एका पारलिंगी स्त्रीवरचा माहितीपट केला. तिथे मात्र नाव उघड होते, चेहरा उघड होता, आणि बोलणारी ती स्वतःच होती. रियाद वाडिया ३० नोव्हेंबर २००३ रोजी वारले. त्यांचे वय ३६ होते.

त्याच वर्षी श्रीधर रंगायन यांची ‘गुलाबी आईना’ सेन्सॉरकडे गेली होती. चाळीस मिनिटांची ही फिल्म स्त्रीवेशात वावरणाऱ्या दोघांची, त्यांच्या भांडणांची, मायेची आणि चेष्टामस्करीची. मंडळाने तिला अश्लील ठरवून प्रमाणपत्र नाकारले. पुन्हा अर्ज झाले, पुन्हा नकार आला. जगभरच्या महोत्सवांत ती गाजली, पण आपल्या देशातल्या चित्रगृहात तिकीट काढून ती पाहणे शक्य नव्हते.

रंगायन यांचा २००७ चा ‘६८ पेजेस’ एड्सवर थेट बोलतो. एका समुपदेशक बाईच्या डायरीतून चार-पाच माणसे पुढे येतात. देहविक्रय करणारी स्त्री, नशेची सुई टोचून घेणारा तरुण, समलिंगी पुरुष, बारमध्ये नाचणारी पारलिंगी व्यक्ती. चौकट हुशारीने निवडलेली आहे. तपासणी केंद्रातली समुपदेशक ही अशी जागा आहे, जिथे माणूस सगळे सांगतो, कारण ते बाहेर जाणार नाही असा शब्द त्याला दिलेला असतो. डायरीची पाने म्हणजे त्या विश्वासाचीच पाने. चित्रपट ती उघडतो, आणि प्रेक्षकावर ती गुप्तता सांभाळण्याची जबाबदारी टाकतो.

वेश्यावस्तीतून बोलणारे आवाज

मुंबई-पुण्याबाहेरही बरेच घडत होते. १९९२ पासून सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ने काम सुरू केले. वेश्यांना उपदेश करण्याऐवजी त्यांनाच कार्यकर्ते केले. १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही त्या स्त्रियांची स्वतःची संघटना झाली. २००५ च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या मदतीबरोबर वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची लेखी हमी देण्याची अट आली, तेव्हा संग्रामने ती मदत नाकारली. ज्या बायकांच्या बळावर काम उभे आहे, त्यांच्याच विरोधात सही कशी करायची?

हाच दृष्टिकोन बिशाखा दत्ता यांच्या ‘इन द फ्लेश’ (२००२) या माहितीपटात आहे. देहविक्रय करणाऱ्या तीन व्यक्तींची आयुष्ये, त्यांच्याच तोंडून. दत्ता यांनी मुंबईत ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ ही संस्था चालवली. या माहितीपटातली माणसे कॅमेऱ्यासमोर जेवतात, भांडतात, पैशांचा हिशेब करतात. दया मागत नाहीत. प्रेक्षकाला आपण त्यांच्या घरी पाहुणे आहोत, असे वाटत राहते.

प्रमाणपत्राशिवायची वाट

१९५२ च्या चलचित्र कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागते. नव्वदीच्या अखेरीस लहान डिजिटल कॅमेरे आले आणि चित्रीकरण स्वस्त झाले, पण ही चाळणी तशीच राहिली. मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवाने २००४ च्या खेपेला भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली. निर्मात्यांनी एकजुटीने विरोध केला, अट मागे घेतली गेली, पण निवडीत अनेक अडचणीचे माहितीपट गळले. तेव्हा निर्मात्यांनी त्याच दिवसांत शेजारीच ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला.

महोत्सवांना माहिती व नभोवाणी मंत्रालयाकडून प्रमाणपत्रातून सूट मिळू शकते. या तरतुदीच्या आधारे २०१० मध्ये ‘कशिश’ हा मुंबईचा समलिंगी व पारलिंगी विषयांवरचा चित्रपट महोत्सव सुरू झाला, तोही नेहमीच्या चित्रगृहात. त्याचे सूत्रधार होते तेच रंगायन. कलम ३७७ विरुद्धच्या लढ्यावरचा त्यांचा ‘ब्रेकिंग फ्री’ (२०१५) भारतीय पॅनोरमात निवडला गेला आणि संकलनासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ज्याला २००३ मध्ये प्रमाणपत्र नाकारले, त्याला बारा-तेरा वर्षांनी राष्ट्रीय सन्मान. पण ‘गुलाबी आईना’चा नकार त्यामुळे पुसला जात नाही.

कायदाही हळूहळू हलला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा अंमलात आला. त्यात भेदभावाला मनाई आहे आणि न्यायालयात ओळख झाकून दाद मागण्याची तरतूद आहे. डॉमिनिकची लढाई आणि एमएक्सची लढाई, दोन्हींचे फळ एकाच आठवड्यात पदरात पडले.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, प्रिया गिरी देसाई आणि अ‍ॅन किम यांचा ‘लव्हसिक’ हा माहितीपट आला. डॉ. सुनीती सॉलोमन आपल्या बाधित रुग्णांची लग्ने जुळवत, त्यावरचा. १९८६ मध्ये ज्या हातांनी नमुने तपासले, तेच हात पुढे स्थळे पाहू लागले. या इतिहासातला हा सर्वांत आनंदाचा टप्पा.

ज्याचे दप्तर नाही त्याचे काय?

आता मूळ चिंतेकडे येतो. ज्या चित्रपटाला प्रमाणपत्र मिळते त्याची सरकारदरबारी नोंद होते: लांबी, भाषा, तारीख, निर्माता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयापर्यंत तो पोचण्याची शक्यता वाढते. ज्याला प्रमाणपत्र मिळाले नाही किंवा ज्याने ते मागितलेच नाही, त्याची अशी कुठलीच खूण उरत नाही. प्रती निर्मात्याच्या कपाटात, जुन्या व्हिडिओ कॅसेटवर. चुंबकीय फीत दमट हवेत काही दशकांतच खराब होते, आणि ती चालवणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. म्हणजे ज्यांना समाजाने एकदा नाकारले, त्यांना काळ दुसऱ्यांदा नाकारणार. सेन्सॉरने कापलेले दृश्य निदान कागदावर उरते. बुरशी खाल्लेली फीत तेवढेही मागे ठेवत नाही.

गोंदियात बसून हे लिहिताना आणखी एक पोकळी जाणवते. वरच्या साऱ्या कहाणीत मुंबई आहे, पुणे आहे, सांगली आणि गोवा आहे. विदर्भ नाही, झाडीपट्टी तर नाहीच. हावडा-मुंबई लोहमार्गावरचे हे मोठे जंक्शन. धानाची कापणी उरकली की इथला मजूर बाहेरगावी कामाला निघतो. रोगाला वाट करून देणारी जी कारणे पुस्तकांत सांगतात, ती इथे होतीच. आणि लिंगभावाच्या बाबतीत तर आपल्याकडे जुनी परंपरा आहे. दंडार आणि खडी गंमत यांत बाईची भूमिका पिढ्यानपिढ्या पुरुष करीत आले. ‘नटरंग’ (२०१०) मुळे तमाशातल्या नाच्याचे दुःख महाराष्ट्राला कळले, पण खडी गंमतीतला नाच्या कुणाच्या पडद्यावर आला? मंचावर ज्याला शिट्या मिळतात, त्याला मंचाखाली काय मिळते, त्याचे लग्न, त्याचे म्हातारपण, त्याचे आजारपण, हे कुणी त्याला विचारले आणि टिपून ठेवले?

भाऊबीजेपासून आपल्या गावोगावी मंडई सुरू होते. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दंडारीच्या तालमी चालू असतील. आता प्रत्येक खिशात कॅमेरा आहे आणि नाच चालू असताना तो वर धरलेलाही असतो. नाच टिपणे ही पहिली पायरी. दुसऱ्या दिवशी सकाळी, रंग उतरवल्यावर, त्या माणसाशेजारी बसून त्याची परवानगी घेऊन त्याला बोलते करणे ही दुसरी. चेहरा दाखवू का, नाव घालू का, हे त्यालाच विचारावे, आणि तो नाही म्हणाला तर ते पाळावे. जे टिपले त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, एक गावात आणि एक एखाद्या महाविद्यालयाच्या वा ग्रंथालयाच्या संग्रहात, तारीख, गाव आणि मंडळाचे नाव लिहून. रियाद वाडियांपासून बिशाखा दत्तांपर्यंत साऱ्यांनी याहून जास्त काही केले नव्हते. त्यांच्याकडे कॅमेरे महाग होते, धास्ती मोठी होती. आपल्याकडे दोन्ही कमी आहेत. जुने नाचे मात्र दरवर्षी एकेक करून कमी होत आहेत, तेव्हा यंदाच्या मंडईपासूनच सुरुवात करावी.